खूर तासल्यावर बिननालेचा घोडा का दुखावतो?

खूर साफ करण्याचे व्हिडिओ हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. मळकट, तडकलेल्या खुरावर धारदार सुरी चालते, पापुद्रे सुटत जातात आणि आतून पांढराशुभ्र, गुळगुळीत तळवा निघतो. बघायला छान वाटतं. मग आपल्याकडेही, लग्नाची घोडी असो, माळेगावच्या यात्रेत घेतलेलं शिंगरू असो की हौसेनं पाळलेला मारवाडी घोडा, मालक नालबंदाला सांगतो, "चाचा, पांढरं निघेपर्यंत तासा." दुसऱ्या दिवशी तोच घोडा अंगणातल्या मुरमावर पाऊल टाकायला तयार नसतो. त्यावर सल्ले सुरू होतात: तीन दिवस दुखणारच, फिरवलं की मोकळा होईल, अजून थोडं काढा, जळकं ऑइल लावा, तापल्या लोखंडाचा डाग द्या.

यातल्या जवळपास प्रत्येक सल्ल्यानं घोड्याचं दुखणं लांबतं. का लांबतं, हे खूर आतून कसा असतो ते कळल्याशिवाय ध्यानात येत नाही.

खुराच्या आत काय असतं

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. आपलं नख बोटाच्या एका बाजूला असतं, त्याच्यावर कसलाही भार नसतो. घोड्याचं नख बोटाला सगळीकडून वेढतं आणि अख्ख्या अंगाचं वजन पेलतं. त्या वजनातला साधारण ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणून तासणी चुकली की आधी पुढचे पाय बोलतात.

या लेखापुरते खुराचे तीन भाग लक्षात ठेवू. बाहेरून दिसतो तो कडक भाग म्हणजे भिंत. नालेचे खिळे यातच ठोकतात, कारण भिंतीच्या बाहेरच्या थराला वेदना नसते. पाय उचलून पाहिला की खाली दिसतो तो किंचित खोलगट भाग म्हणजे तळवा. आणि टाचेकडून पुढे निमुळती होत जाणारी, रबरासारखी चिवट, तिकोनी वस्तू म्हणजे गादी.

सगळा घोटाळा तळव्याचा आहे. तळव्याचा खालचा थर मेलेला, कडक असतो. त्याच्या वर लगेच जिवंत, रक्तानं भरलेला थर आणि त्याच्या वर पायाचं शेवटचं हाड. निरोगी घोड्यात हा कडक थर १५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असतो. १० मिलिमीटरच्या खाली गेला की तळवा पातळ समजतात. सुरीच्या दोन-चार जोरकस कापांत ४-५ मिलिमीटर सहज निघून जातात. म्हणजे घोडा आणि रस्त्यावरची खडी यांच्यामध्ये जे काही होतं, त्याचा तिसरा हिस्सा पाच मिनिटांत जमिनीवर पडतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ते शेवटचं हाड तळव्यावर टेकलेलं नसतं. भिंतीच्या आतल्या बाजूला साडेपाचशे ते सहाशे उभे, पातळ पापुद्रे असतात. हाडावरचे पापुद्रे त्यांच्यात गुंतलेले असतात आणि त्या पकडीवर हाड भिंतीला लटकून राहतं. प्रत्येक पापुद्र्याला पुन्हा बारीक घड्या असतात. सगळ्या उलगडल्या तर एका खुरात पाऊण चौरस मीटरहून थोडी जास्तच जागा भरेल. ही पकड सुजून ढिली पडते त्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो शब्द लक्षात ठेवा, कारण तासणीवर ढकललं जाणारं बरंच दुखणं खरं त्याचं असतं.

सुरीनं नेमकं काय बिघडतं

पहिला आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे तळवा खरवडून पातळ करणं. तळव्यावरचा खडबडीत, करडा थर घाण दिसतो, पण तेच घोड्याचं कवच असतं. सुटायला आलेला भुगा हातानं किंवा ब्रशनं निघतो. जो निघायला सुरी लागते, तो बहुतेक वेळा राहू द्यायचा असतो.

दुसरा प्रकार भिंतीचा. भिंत तळव्याच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली कापली की घोडा भिंतीऐवजी थेट तळव्यावर उभा राहतो. तिसरा गादीचा. गादी सुबक त्रिकोण दिसावी म्हणून चहूबाजूंनी कोरतात आणि धक्का झेलणारा भाग पातळ होतो. चौथा टाचेचा. महिनोन् महिने वाढलेली टाच एकाच बैठकीत खाली आणली की पायाच्या मागच्या शिरांवर, म्हणजे स्नायूबंधांवर, एकदम ताण येतो. असा घोडा मऊ जमिनीवरही आखडून चालतो.

यात आपल्या मातीचा भाग मोठा आहे. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात खुरांना चिकटून राहते, खूर आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि फुगून मऊ पडतो. मऊ तळव्यात सुरी सहज शिरते, त्यामुळे हाताला अंदाज राहत नाही आणि जास्त निघतं. शिवाय शेत सोडून रस्त्याला लागलं की लगेच मुरूम आणि काळ्या दगडाची खडी. ओल्या, नुकत्या तासलेल्या तळव्याला याहून वाईट जमीन सापडणार नाही.

आपल्याकडे मुहूर्तही चुकतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते, मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते. घोडं देखणं दिसावं म्हणून आदल्याच दिवशी खूर तासतात आणि दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर हलगीच्या तालावर नाचवतात. नाचताना घोडी पाय आपटते. पातळ तळव्यावर तो मार थेट आत पोचतो आणि जिवंत थरात रक्त साकळतं. हौस आपली, मार तिला.

नाल काढलेल्या घोड्याचं वेगळं का

नाल असते तोवर तळवा जमिनीपासून वर उचललेला राहतो. वर्षानुवर्षं त्याला खडा टोचलेला नसतो. आयुष्यभर चप्पल घातलेल्या माणसाला वैशाखातल्या दुपारी अनवाणी मुरमावर उतरवावं, तसं नाल काढलेल्या दिवशी त्या पायाचं होतं. वर खिळ्यांच्या भोकांपाशी भिंतही कमजोर झालेली असते.

म्हणून नाल काढायची त्या दिवशी सुरी बाजूलाच ठेवावी. कानस घेऊन भिंतीची धारदार कड फक्त गोल करावी, म्हणजे ती चिरफाळणार नाही. तळव्याला, गादीला हातसुद्धा लावू नये. भिंत महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढते आणि पुढून पूर्ण नवी यायला ९ महिने ते वर्ष लागतं. खिळ्यांची भोकं खाली सरकून निघून जायला काही महिने जाणारच. तेवढी सवड नसेल तर नाल काढण्याचा निर्णय पुढे ढकललेला बरा.

दुखणं किती आणि कुठे, हे ओळखा

घोड्याला आधी सपाट कडक जमिनीवर आणि मग मऊ मातीवर चार-चार पावलं चालवून बघा. मातीवर ठीक चालतो आणि खडीवर मात्र जपून, आखूड पावलं टाकतो, तर तळवा पातळ झालाय. पाय उचलून तळव्यावर अंगठा दाबा. तळवा अंगठ्याखाली किंचितही दबला तर तो फारच पातळ आहे, हे पक्कं.

मग नाडी बघा. खुराच्या वर जो पहिला सांधा असतो, त्याच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांना बोटं हलकी टेकवा. निरोगी घोड्यात इथली नाडी जेमतेम लागते, कधी शोधावी लागते. ती ठणठण उडत असेल तर खुरात दाह आहे. घोडा बरा असतानाच ही नाडी एक-दोनदा शोधून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

एकच पाय आहे, तो अचानक इतका दुखतो की घोडा टेकवतच नाही, खूर गरम आहे, तर बहुधा आत पू झालाय. पातळ तळव्यातून बाभळीचा काटा किंवा खिळा आत गेला की हेच होतं. पू डॉक्टरांनीच वाट करून काढायचा असतो. काटा किंवा खिळा अजून पायात दिसत असेल आणि आणखी आत जाण्याची भीती नसेल, तर डॉक्टर येईपर्यंत उपटू नका, नाहीतर तो किती खोल आणि कुठल्या दिशेनं गेला होता हे कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, हे त्याच दिवशी तपासा. धनुर्वाताचा धोका घोड्याला इतर पाळीव जनावरांपेक्षा फार जास्त असतो.

पुढचे दोन्ही पाय दुखतात, घोडा ते पुढे ताणून वजन टाचांवर घेऊन उभा राहतो, वळवला की कण्हतो, सारखा आडवा होतो आणि दोन्ही पायांची नाडी उडते, हे लॅमिनायटिसचं चित्र आहे. इथे सकाळची वाट पाहू नका. डॉक्टर पोचेपर्यंत रसवंतीवरून किंवा कारखान्यातून बर्फ आणा, मोठ्या बादलीत बर्फाचं पाणी करा आणि दोन्ही पाय खुराच्या वरच्या सांध्याच्याही वरपर्यंत त्यात बुडवून ठेवा. सुरुवातीच्या तासांत सतत दिलेल्या गारव्यानं पापुद्र्यांची पकड वाचायला मदत होते. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे एक्स-रे होईल का हे आधी फोन करून विचारा, कारण तळवा किती उरलाय आणि हाड जागेवरून फिरलंय का, हे एक्स-रेतच नीट दिसतं.

पहिल्या दिवशी काय करायचं

साधं तळव्याचं दुखणं असेल तर उपाय साधा आहे आणि बराचसा घरातच आहे. घोड्याला फरशीवरून, मुरमावरून हलवा. कोरडी वाळू किंवा भुश्शाचा जाड थर करा, घोडा उभा राहिला की खूर त्यात रुतला पाहिजे. दाणापाणी तिथेच द्या. वरात, नाच, रपेट बंद.

पायाला बाहेरून फोमची गादी बांधता येते. योगासनांची जाड फोमची चटई खुराच्या आकारात कापा, दोन थर एकमेकांवर ठेवा, तळव्याखाली धरा आणि रुंद चिकटपट्टीनं खुराच्या भिंतीला गुंडाळून टाका. चिकटपट्टी केसांच्या रेघेच्या खालीच संपली पाहिजे. वर त्वचेवर आवळली तर रक्त अडतं आणि नवीच जखम होते. फोम दबून चपटा झाला की बदला, ओला झाला तर लगेच बदला. घोड्याचे रबरी बूट ऑनलाइन मिळतात, पण खुराची लांबी-रुंदी मोजूनच मागवा, ढिला बूट घासून कातडं सोलतो.

रोज पाय उचलून माती काढा आणि वास घ्या. गादीच्या खाचेत काळा, सडका वास येणारा द्रव दिसला तर ती कुजण्याची सुरुवात आहे. जागा कोरडी ठेवणं हाच त्याचा पहिला उपचार.

एक गोष्ट मुळीच करू नका: "बरोबर करायला" पुन्हा तासू नका. तळवा पातळ झाल्यानं दुखतंय, त्यात आणखी काढून ते बरं होणार नाही. भिंतीची एखादी कड खटकत असली तरी दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

गोळ्या आणि जुने उपाय

वेदनाशामक औषध डॉक्टर देतील ते, तेवढंच आणि तितकेच दिवस. मेडिकलमधली माणसाची गोळी घोड्याला देऊ नका. दोन वेदनाशामकं एकत्र तर अजिबात नकोत, घोड्याच्या जठरात आणि आतड्यात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी भारतात २००६ सालापासून बंदी आहे. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आपल्याकडची गिधाडं अशीच दिसेनाशी झाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. औषध दिल्यावर घोडा बरा चालला तरी तळवा तेवढाच पातळ आहे, हे विसरू नका. दुखत नाही म्हणून त्याला वरातीला नेलं तर आतला मार वाढतो.

जळकं ऑइल लावून खूर चमकतो, तळवा जाड होत नाही. डाग दिल्यानं दुखणाऱ्या जनावराला आणखी एक जखम मिळते, बाकी काही नाही. खूर कडक करायला फॉर्मेलिन लावणारेही आहेत. ते जिवंत भागापर्यंत गेलं तर जाळतं, तासलेल्या पातळ तळव्यावर तर लावूच नये.

तासणीचा दोष की खाण्याचा?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नालबंदावर विनाकारण आळ येतो. लॅमिनायटिस सौम्य असताना दिसत नाही. पापुद्रे आतून हळूहळू सैल होत असतात, तळवा पातळ होत असतो, घोडा थोडा जपून चालतो आणि आपण म्हणतो, वय झालं. मग तासणी होते, अगदी हलकी आणि बरोबर, आणि आणखी दोन मिलिमीटर गेले की घोडा लंगडतो. सुरीनं फक्त आधीचं दुखणं उघडं पाडलेलं असतं.

हे दुखणं बहुतेक वेळा खाण्यातून येतं. आपल्याकडे लाड म्हणजे गूळ. वरातीत दहा जण घोडीला पेढे, लाडू, गूळ भरवतात. यात्रेआधी अंग भरावं म्हणून हरभरा आणि बाजरी एकदम दुप्पट करतात. ऊसतोडीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतात, त्यांच्यासोबत उसाचे तुकडेही जातात. घोड्याच्या आतड्यात असा साखरेचा, धान्याचा मारा अचानक झाला की तिथले जिवाणू बिघडतात आणि त्याचा परिणाम थेट खुरातल्या पापुद्र्यांवर होतो. लठ्ठ घोड्यात, मानेवर चरबीची वळी आलेल्या घोड्यात, रोजच्या थोड्या गोडानंही तेच होतं.

म्हणून प्रत्येक तासणीनंतर दुखणाऱ्या घोड्याचा गूळ आणि ऊस आधी बंद करा, दाणा डॉक्टरांना विचारून कमी करा, वाळलेला चारा मात्र भरपूर ठेवा. उपाशी ठेवणं हा उपाय नाही, विशेषतः तट्टं आणि गाढवं उपाशी राहिली की रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं. बायोटिन या जीवनसत्त्वाचा खुराक काही घोड्यांना उपयोगी पडतो, रोज १५ ते २० मिलिग्रॅम असा. पण तो फक्त नव्यानं वाढणाऱ्या खुराला लागू पडतो, त्यामुळे फरक दिसायला सहा महिने तरी लागतात.

"तीन दिवस तर दुखणारच की"

हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते नियमासारखं झालंय. नीट तासलेला घोडा तासणीनंतर आधीइतकाच किंवा आधीपेक्षा बरा चालला पाहिजे. मोठी दुरुस्ती असेल तर एक-दोन दिवस खडीवर जपून चालणं मी समजू शकतो. मऊ मातीवर लंगडणं, खाणं सोडणं, आडवं पडून राहणं हे कुठल्याच दिवशी ठीक नाही. आणि दिवसागणिक दुखणं वाढत असेल तर तीन दिवस मोजत बसू नका.

"जंगली घोड्यांचे खूर कोण तासतं?"

कोणीच नाही, हे खरं. ऑस्ट्रेलियातले मोकळे घोडे चारा-पाण्यासाठी दिवसाला सरासरी १५ किलोमीटरच्या आसपास चालतात, कोरड्या, खडकाळ जमिनीवर. तिथे वाढ आणि झीज आपोआप जुळते. आपला घोडा खुंट्याला बांधलेला असतो, पायाखाली लीद आणि ओल, त्यामुळे झीज होत नाही आणि तासावं लागतं. तरी त्या मोकळ्या घोड्यांच्या खुरांतही आजार आढळतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच: त्यांच्या तळव्याला सुरी लागत नाही आणि तो जाड राहतो.

"मग नालच ठोकू का?"

रोज डांबरावर टांगा ओढणाऱ्या किंवा लग्नसराईत रोज रात्री रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याचा खूर वाढतो त्यापेक्षा जास्त झिजतो. त्याला नाल हवी, आणि त्यात कमीपणा नाही. बिननालेचं ठेवणं चांगलं तेव्हाच, जेव्हा काम आणि जमीन त्याला झेपते. पण कालच दुखावलेल्या पायात आज खिळे ठोकू नका. ठोके बसतात, भिंत आखूड झालेली असते आणि खिळा जिवंत भागाजवळ जाण्याची भीती असते. आधी फोमची गादी बांधून दुखणं उतरू द्या.

पुढच्या तासणीला

मराठवाड्यातले कित्येक नालबंद वर्षभर बैलांना पत्र्या मारतात आणि घोडा त्यांच्या हाताखाली अधूनमधून येतो. हात कसबी असतो, पण बैलाचा खूर दुभंगलेला, त्याची रचना निराळी. म्हणून काम सुरू होण्याआधीच मोकळेपणानं सांगा: "चाचा, तळव्याला आणि गादीला सुरी नको. भिंत कानशीनं घ्या आणि कड गोल करा. टाच यंदा थोडी, पुढच्या वेळी थोडी." चांगला नालबंद याला नाही म्हणत नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी थोडंथोडं घेतलं तर एकदम खूप काढायची वेळच येत नाही. तासण्याआधी आणि नंतर प्रत्येक तळव्याचा फोटो काढून ठेवा, दोन तासण्यांनंतर कुठे जास्त जातंय ते तुम्हालाच दिसेल. वरात किंवा यात्रा असेल तर तासणी निदान आठ-दहा दिवस आधी उरका.

दुखावलेला घोडा कामाला काढण्याआधी तीन गोष्टी तपासा. तळवा अंगठ्याखाली दबत नाही. नाडी शांत आहे. कडक जमिनीवर दोन्ही बाजूंना लहान गोल वळवला तर पाऊल आखडत नाही. वळताना आतल्या पायावर भार जास्त येतो, त्यामुळे सरळ चालताना लपलेलं दुखणं इथे दिसतं. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर आणखी एक आठवडा वाळूवरच ठेवा, मग पुन्हा बघा.